चंद्र खाली का पडत नाही?

झाडावरचे पिकलेले फळ देठापासून सुटले, की ते जमिनीवर पडते. हातातून निसटलेली लेखणी खाली पडते. उंच फेकलेला चेंडू क्षणभर वर जातो आणि पुन्हा खालीच येतो. पावसाचा थेंब असो, पाखराचे गळलेले पीस असो, की कड्यावरून सुटलेली दरड असो, या सर्वांची वाट एकच, आणि ती पृथ्वीकडे जाणारी. आधार सुटला म्हणजे वस्तू पडते, ही गोष्ट लहान मुलालाही शिकवावी लागत नाही.

पण रात्री मान वर करून चंद्राकडे पाहिले, की मोठे नवल वाटते. चंद्राला वरून कोणी टांगलेले नाही आणि खालून कोणी तोलून धरलेले नाही. त्याचा व्यास सुमारे ३,४७४ किलोमीटर आहे. एवढा थोरला खडकांचा गोळा निराधार असूनही पृथ्वीवर कोसळत नाही, आणि पृथ्वीला सोडून दूर निघूनही जात नाही. सरासरी ३,८४,४०० किलोमीटर अंतरावरून तो सत्तावीस दिवस आणि सुमारे आठ तासांत पृथ्वीभोवती एक प्रदक्षिणा पुरी करतो. स्वतः पृथ्वीही अशीच सूर्याभोवती फिरते. बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी हे ग्रहही फिरतात. फळ पडते आणि चंद्र मात्र पडत नाही, असे का व्हावे?

फार प्राचीन काळापासून विचारवंतांना या प्रश्नाने कोड्यात टाकले होते. ग्रीस देशातील ॲरिस्टॉटल या तत्त्ववेत्त्याचे मत असे होते, की पृथ्वीचे नियम वेगळे आणि आकाशाचे नियम वेगळे. पृथ्वीवरील जड पदार्थांचा स्वभाव खाली पडण्याचा, तर आकाशातील गोलांचा स्वभाव वर्तुळात फिरत राहण्याचा. हे गोल पारदर्शक कवचांत जडवलेले आहेत आणि ती कवचे फिरतात म्हणून गोलही फिरतात, असे तो मानी. आपल्याकडील जुन्या ज्योतिषग्रंथांत ग्रहनक्षत्रांना फिरवणाऱ्या ‘प्रवह’ नावाच्या वायूची कल्पना आढळते.

इ. स. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ रचला. पृथ्वीला कोणाचा आधार आहे, या प्रश्नाचा त्यांनी त्यात मोठा मार्मिक विचार केला आहे. पृथ्वीला एखाद्या वस्तूचा आधार मानला, तर त्या वस्तूला दुसरा आधार हवा, त्या दुसऱ्याला तिसरा हवा, आणि या मालिकेला शेवटच राहणार नाही. म्हणून पृथ्वी निराधारच आहे, असे त्यांनी सांगितले. पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे आणि त्या शक्तीने ती आकाशातील जड वस्तू आपल्याकडे ओढून घेते, हेही त्यांनी स्पष्टपणे लिहून ठेवले. परंतु जी ओढ फळाला खाली आणते तीच चंद्रालाही फिरवते, हा धागा जुळण्यास आणखी पाचशे वर्षे जावी लागली.

त्या धाग्याचे पहिले टोक युरोपात सापडले. ‘पृथ्वी मध्यभागी स्थिर नसून ती इतर ग्रहांप्रमाणे सूर्याभोवती फिरते,’ असे प्रतिपादन करणारा कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ साली प्रसिद्ध झाला. पुढे डेन्मार्कमधील टायको ब्राहे या ज्योतिर्विदाने ह्वेन नावाच्या बेटावर वेधशाळा उभारली आणि सुमारे वीस वर्षे ग्रहताऱ्यांचे वेध घेतले. त्या काळी दुर्बीण नव्हती. तरीही नुसत्या डोळ्यांनी आणि मोठमोठ्या कोनमापक यंत्रांनी घेतलेले त्याचे वेध इतके अचूक होते, की तसे वेध त्यापूर्वी कोणीच घेतले नव्हते. १६०१ साली टायको मरण पावला आणि वेधांचा हा ठेवा त्याचा साहाय्यक योहानेस केप्लर याच्या हाती आला.

केप्लरने मंगळाचा मार्ग शोधण्याचे काम अंगावर घेतले. ग्रह वर्तुळातच फिरतात, याविषयी दोन हजार वर्षे कोणीही शंका घेतली नव्हती. केप्लरनेही वर्तुळ धरूनच गणित मांडले. अनेक खटपटींनंतर त्याला एक असे वर्तुळ सापडले, की त्यावरून काढलेली मंगळाची जागा टायकोच्या वेधांशी जवळजवळ जुळली. फरक राहिला तो केवळ आठ कलांचा. एका अंशाचे साठ भाग केले, तर त्यांतील एका भागाला कला म्हणतात. आठ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा जेमतेम चौथा हिस्सा! दुसरा एखादा असता, तर एवढ्याशा फरकाकडे त्याने काणाडोळा केला असता. परंतु टायकोच्या हातून इतकी मोठी चूक होणे शक्य नाही, हे केप्लर जाणून होता. वेध खरे असतील, तर वर्तुळच खोटे असले पाहिजे, असे त्याने ठरवले आणि कित्येक वर्षांच्या परिश्रमाने उभारलेले गणित बाजूला सारून पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. १६०९ साली त्याने आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. ग्रहाचा मार्ग वर्तुळ नसून लंबवर्तुळ असतो, आणि सूर्य त्या लंबवर्तुळाच्या मध्यभागी नसून एका बाजूस असलेल्या नाभीपाशी असतो.

लंबवर्तुळ काढणे सोपे आहे. फळीवर कागद ठेवून त्यावर दोन टाचण्या थोड्या अंतरावर टोचाव्यात. दोऱ्याचा एक सैल फास त्यांभोवती टाकावा. फासात पेन्सिलीचे टोक अडकवून, दोरा ताणलेला ठेवून, पेन्सिल फिरवावी. जी आकृती उमटते ती लंबवर्तुळाची, आणि टाचण्यांच्या दोन जागा म्हणजे त्याच्या दोन नाभी. त्यांपैकी एका नाभीपाशी सूर्य आहे असे मानले, म्हणजे ग्रह कधी सूर्याच्या जवळ येतो आणि कधी दूर जातो, हे सहज दिसते. जवळ येताना ग्रहाचा वेग वाढतो आणि दूर जाताना तो मंदावतो, हेही केप्लरनेच शोधून काढले. पृथ्वीचे लंबवर्तुळ इतके गोलसर आहे, की ते चित्रात वर्तुळासारखेच भासते. तरी जानेवारीच्या आरंभी ती सूर्यापासून सुमारे १४.७ कोटी किलोमीटरांवर असते, तर जुलैच्या आरंभी सुमारे १५.२ कोटी किलोमीटरांवर.

ग्रह कसे फिरतात, हे केप्लरने सांगितले. परंतु ते का फिरतात? ग्रहांना कोणीतरी सतत पुढे ढकलत असले पाहिजे, असेच केप्लरलाही वाटत होते. प्रश्न असा विचारला जाई, की ग्रहांना पुढे ढकलणारे कोण? हा प्रश्न मुळातच चुकीचा होता, आणि ते दाखवून देण्याच्या कामी इटलीतील गॅलिलिओचा मोठा वाटा आहे.

खडबडीत अंगणात गोटी ढकलली, तर ती थोडे अंतर जाऊन थांबते. तीच गोटी गुळगुळीत फरशीवर तेवढ्याच जोराने ढकलली, तर ती कितीतरी दूर जाते. गोटीला थांबवते ते जमिनीचे घर्षण. घर्षण जसजसे कमी, तसतशी गोटीची वाटचाल लांब. मग घर्षण मुळीच नसेल तर? तर गोटी कधीच थांबणार नाही. एकदा गती मिळालेली वस्तू, तिला कोणी अडवले नाही, तर सरळ रेषेत त्याच वेगाने पुढे जातच राहते. तिला ढकलत राहण्याची गरज नसते. तेव्हा ग्रहांना पुढे कोण ढकलतो, हा प्रश्नच उरत नाही. प्रश्न उरतो तो हा, की त्यांना सरळ जाऊ न देता कोण वळवते?

जोंधळ्याच्या शेतात पाखरे राखणारा शेतकरी गोफण फिरवतो, ते येथे आठवावे. गोफणीतला दगड गरगर फिरतो, कारण दोऱ्या त्याला प्रत्येक क्षणी हाताकडे ओढत असतात. शेतकऱ्याने एक दोरी सोडली रे सोडली, की दगड ज्या दिशेने जात असेल त्याच दिशेने सरळ सुटतो. तो फिरत राहत नाही. म्हणजे फिरण्यासाठी दोन गोष्टी हव्यात. पुढे जाण्याची गती आणि मध्याकडे ओढणारे बळ. चंद्राजवळ गती आहे. पण त्याला बांधणारी दोरी कोठे आहे?

इ. स. १६६५ मध्ये इंग्लंडात प्लेगची साथ पसरली. केंब्रिजचे विद्यापीठ बंद झाले आणि तेथे शिकणारा बावीस वर्षांचा आयझॅक न्यूटन वुल्सथॉर्प या आपल्या खेड्यातील घरी परतला. त्या एकांतात त्याने या दोरीचा शोध आरंभला. बागेत सफरचंद पडताना पाहून आपल्याला हा विचार सुचला, असे त्याने उतारवयात सांगितले होते. सफरचंद झाडावरून पडते. झाड आणखी उंच असते तरी ते पडलेच असते. डोंगराच्या शिखरावरूनही वस्तू पडते. तर मग पृथ्वीची ही ओढ एखाद्या ठिकाणी एकदम संपते, असे कशावरून मानावे? ती थेट चंद्रापर्यंत का पोहोचत नसेल?

आपली कल्पना समजावून सांगण्यासाठी न्यूटनने पुढे एक सुंदर दाखला दिला. समजा, एका अतिशय उंच पर्वताच्या माथ्यावर तोफ ठेवली आहे, आणि तेथे हवेचा अडथळा नाही. तोफेतून गोळा समोर आडवा सोडला, तर तो पुढे जाता जाता खाली झुकतो आणि काही अंतरावर जमिनीवर आदळतो. अधिक वेगाने सोडला, तर अधिक दूर जाऊन आदळतो. वेग वाढवीत नेला, की गोळा शेकडो, हजारो किलोमीटर जाईल. आता पृथ्वी गोल आहे हे ध्यानात घेतले पाहिजे. गोळा खाली झुकतो खरा, परंतु त्याच्या खालची जमीनही वळत वळत खाली जाते. समुद्राच्या शांत पृष्ठभागावर आठ किलोमीटर सरळ रेषेत गेले, तर तेवढ्या अंतरात पृथ्वीची पाठ सुमारे पाच मीटर खाली वळलेली असते. आणि हातातून सुटलेली वस्तू पहिल्या सेकंदात पडते तीही सुमारे पाचच मीटर! तेव्हा एखादा गोळा एका सेकंदात जवळजवळ आठ किलोमीटर इतक्या वेगाने आडवा सुटला, तर तो जितका पडेल तितकीच जमीनही त्याच्यापासून दूर वळेल. तो अखंड पडतच राहील, पण जमिनीवर मात्र कधीच पोहोचणार नाही. पृथ्वीला वळसा घालून तो पुन्हा पर्वतापाशी येईल आणि पुढच्या फेरीला निघेल. तो गोळा म्हणजे एक छोटा चंद्रच झाला!

येथे मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते, आणि ते मोठे विलक्षण आहे. चंद्र खाली का पडत नाही? तर चंद्र पडतोच आहे. तो सदासर्वदा पडत आहे. मात्र पडता पडता तो पुढेही जात आहे, म्हणून त्याचे पडणे पृथ्वीवर येऊन संपत नाही. ते पृथ्वीभोवती फिरत राहते.

केवळ सुंदर दाखल्याने न्यूटनचे समाधान झाले नाही. हे खरे असेल, तर गणितानेही ते जुळले पाहिजे. अंतर वाढले की ओढ कमी होते. ती कशी कमी होते? अंतर दुप्पट झाले, तर ओढ चौथा हिस्सा राहते. तिप्पट झाले, तर नववा हिस्सा. असा नियम त्याने मांडला. पृथ्वीच्या मध्यापासून आपण जितके दूर आहोत, त्याच्या सुमारे साठपट दूर चंद्र आहे. साठ गुणिले साठ म्हणजे ३,६००. तेव्हा चंद्रापाशी पृथ्वीची ओढ येथल्या ओढीच्या ३,६०० व्या हिश्श्याइतकी असली पाहिजे. फळ पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते. म्हणून चंद्र एका सेकंदात त्याचा ३,६०० वा हिस्सा, म्हणजे सुमारे १.३६ मिलिमीटर पडला पाहिजे. आता चंद्राचे अंतर आणि त्याच्या प्रदक्षिणेचा काळ यांवरून दुसऱ्या रीतीने हिशेब करून पाहिला, तर काय दिसते? चंद्र एका सेकंदात सुमारे एक किलोमीटर पुढे जातो आणि तेवढ्यात सरळ रेषेपासून पृथ्वीकडे नेमका १.३६ मिलिमीटर वळतो! दोन्ही उत्तरे एकच आली. दोरी सापडली. फळाला खाली आणणारे गुरुत्वाकर्षण हीच ती दोरी होय.

या ठिकाणी एक गैरसमज दूर केला पाहिजे. पृथ्वी चंद्राला आत ओढते, दुसरे एखादे बळ त्याला तितक्याच जोराने बाहेर ओढते आणि या रस्सीखेचीत चंद्र अधांतरी राहतो, असे पुष्कळांना वाटते. परंतु दोन बळे खरोखरच सारखी होऊन एकमेकांना निकामी करीत असती, तर चंद्रावर कोणतीच ओढ उरली नसती, आणि मग तो गोफणीतून सुटलेल्या दगडासारखा सरळ निघून गेला असता. चंद्र वळतो, याचाच अर्थ त्याच्यावर ओढ आहे आणि तिला निकामी करणारे काही नाही.

ग्रहांचीही हीच कथा आहे. सूर्य पृथ्वीला ओढतो. पृथ्वी एका सेकंदात सुमारे तीस किलोमीटर धावते, आणि तेवढ्यात सूर्याकडे सुमारे तीन मिलिमीटर वळते. इतक्या थोड्या थोड्या वळण्यातूनच वर्षाची प्रदक्षिणा पुरी होते. सूर्याजवळच्या ग्रहावर ओढ अधिक, म्हणून त्याची गतीही अधिक. बुध सेकंदाला सरासरी ४७ किलोमीटर धावतो आणि ८८ दिवसांत फेरी पुरी करतो. तर सर्वांत दूरचा नेपच्यून सेकंदाला सुमारे साडेपाच किलोमीटर चालतो आणि त्याच्या एका फेरीला सुमारे १६५ वर्षे लागतात.

मग ही गती मुळात आली कोठून, आणि ती संपत कशी नाही? सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी वायू आणि धूळ यांच्या एका प्रचंड, संथपणे फिरणाऱ्या मेघापासून सूर्य व ग्रह घडले, असे शास्त्रज्ञ मानतात. त्या मेघाचे फिरणेच आजच्या ग्रहांच्या अंगी उतरले आहे. ग्रहांच्या वाटेवर हवा जवळजवळ नाहीच. गोटीला थांबवणाऱ्या घर्षणासारखे तेथे काही नाही. म्हणून ही गती कोट्यवधी वर्षे टिकून राहिली आहे.

न्यूटनने आपले हे विचार बराच काळ जगापुढे मांडले नाहीत. १६८४ साली एडमंड हॅली हा ज्योतिर्विद त्याच्याकडे गेला आणि त्याने विचारले, की अशा नियमाने कमी होणाऱ्या ओढीमुळे ग्रहाचा मार्ग कोणत्या आकाराचा होईल? न्यूटनने तत्काळ उत्तर दिले, ‘लंबवर्तुळाचा.’ केप्लरला वेधांतून जे दिसले होते, तेच न्यूटनला गणिताने मिळाले होते. हॅलीने त्याला आग्रह करून ते सर्व लिहावयास लावले आणि १६८७ साली तो महान ग्रंथ पदरमोड करून छापविला.

या नियमाची कसोटी पुढे अनेक वेळा लागली. युरेनस हा ग्रह गणिताने सांगितलेल्या वाटेपासून किंचित ढळतो, असे आढळून आले. नियम चुकला, की आणखी एखादा अज्ञात ग्रह त्याला ओढत आहे? फ्रान्समधील ले व्हेरिए याने गणित करून त्या अज्ञात ग्रहाची जागा काढली. इंग्लंडात ॲडम्स यानेही असेच गणित केले होते. ले व्हेरिएचे पत्र बर्लिनच्या वेधशाळेत पोहोचले, त्याच रात्री, म्हणजे २३ सप्टेंबर १८४६ रोजी, गाले याने दुर्बीण रोखली, आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आतच नवा ग्रह दिसला! तोच नेपच्यून. डोळ्यांना दिसण्यापूर्वीच तो कागदावर सापडला होता.

न्यूटनच्या कल्पनेतील तोफेचा गोळा ४ ऑक्टोबर १९५७ रोजी प्रत्यक्षात आला. त्या दिवशी रशियाने ‘स्पुटनिक’ हा पहिला कृत्रिम उपग्रह पृथ्वीभोवती फिरता ठेवला. १९ एप्रिल १९७५ रोजी भारताचा ‘आर्यभट’ हा उपग्रह आकाशात गेला. आज माणसे जेथे राहून काम करतात, ते आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून दर दीड तासाला पृथ्वीची एक फेरी करते. त्यातील माणसे तरंगताना दिसतात, म्हणून तेथे गुरुत्वाकर्षण नाही असे कित्येकांना वाटते. वस्तुतः तेथील ओढ जमिनीवरच्या ओढीच्या सुमारे नऊ दशांश इतकी आहे. स्थानक आणि त्यातील माणसे एकाच वेगाने एकत्र पडत आहेत, म्हणून त्यांना आपले वजन जाणवत नाही, इतकेच.

गती आणि ओढ यांचा हा मेळ किती नाजूक असतो, हे आपल्या चंद्रयान-३ ने सर्वांना दाखवून दिले. १४ जुलै २०२३ रोजी ते श्रीहरिकोटा येथून निघाले. चंद्राजवळ पोहोचले तेव्हा त्याचा वेग तसाच ठेवला असता, तर चंद्राची ओढ त्याला पुरती वळवू शकली नसती आणि ते पुढे निघून गेले असते. फाजील कमी केला असता, तर ते चंद्रावर आदळले असते. ५ ऑगस्ट रोजी त्याचे इंजिन उलट दिशेने चालवून वेग हवा तेवढाच कमी करण्यात आला, आणि यान चंद्राभोवती फिरू लागले. २३ ऑगस्ट रोजी ते चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात अलगद उतरले. हे साधले, कारण तीन शतकांपूर्वी मांडलेल्या त्या नियमावर विसंबून वाटचालीचा प्रत्येक क्षण आधीच मोजता आला होता.

आठ कलांचा फरक क्षुल्लक मानून केप्लरने सोडून दिला असता, तर ग्रहांचा खरा मार्ग कदाचित फार काळ अज्ञातच राहिला असता. पडणाऱ्या फळाकडे आणि फिरणाऱ्या चंद्राकडे न्यूटनने निरनिराळ्या दृष्टीने पाहिले असते, तर दोहोंतील नाते त्याला दिसले नसते. पृथ्वीचा नियम एक आणि आकाशाचा दुसरा, ही समजूत त्यांच्या परिश्रमांनी कायमची मावळली. अंगणात टाकलेला खडा आणि आकाशात फिरणारा शनी एकाच नियमाने बांधलेले आहेत. ज्याला खड्याचे पडणे नीट समजले, त्याला आकाश परके राहत नाही.

स्वाध्याय

१. फळ आणि चंद्र या दोहोंच्या पडण्यात साम्य कोणते व भेद कोणता?
२. केप्लरने आपले जुळत आलेले गणित का टाकून दिले? त्यावरून त्याच्या स्वभावाचा कोणता गुण दिसून येतो?
३. पर्वतावरील तोफेचा दाखला आपल्या शब्दांत सांगा व त्याची आकृती काढा.
४. अंतराळस्थानकातील माणसे का तरंगतात?
५. दोन टाचण्या व दोरा यांच्या साहाय्याने लंबवर्तुळ काढा. टाचण्यांमधील अंतर कमी-अधिक केल्यास आकृतीत कोणता फरक पडतो, ते पाहा व लिहा.